चकचकीत जावा की पडवीतली येझदी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४८, राहणं पुण्यात, मुलं मोठी झाली. जुनी, लहान इंजिनाची मोटारसायकल घेऊन वर्षातून तीन-चारदा कोकणात आणि देशावर सावकाश फिरायचं आहे. दोन गाड्या समोर आहेत. एक १९६८ची जावा २५०. नवा मरून रंग, नवं क्रोम, विकणारा व्यापारी आहे आणि ‘हिला विंटेज नंबर मिळेल’ असं सांगतो. दुसरी १९७८ची येझदी २५०, साताऱ्याकडच्या एका घराच्या पडवीतली. रंग उडालेला, सीट फाटलेलं. वडील आठवड्याला बाजारात नेत असत, ते गेल्यावर मुलगा महिन्यातून एकदा चालू करतो. यातली कुठली घ्यावी, आणि घेतल्यावर निभेल का?

मी कोल्हापूरला असतो. १९७४ची येझदी २००१ पासून माझ्याकडे आहे. तेव्हापासून माझे बहुतेक रविवार ओळखीच्यांच्या जावा-येझदी उघडून पुन्हा बांधण्यात गेले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: येझदी बघायला जा. जावा वाईट असते म्हणून नाही, दोघी एकाच घरातल्या. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा बनवली आणि १९७३ पासून त्याच घडणीच्या गाडीवर येझदी हे नाव आलं. कारखाना १९९६ साली बंद पडला. इंजिन तेच, २५० सीसीच्या आत बसणारं एक सिलिंडरचं टू-स्ट्रोक, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. फरक आहे तो तुमच्यासमोरच्या या दोन गाड्यांत. एक चालत आलेली आहे, दुसरी रंगवलेली आहे. रंगाखाली काय आहे ते तुम्हाला दिसणार नाही. उडालेला रंग मात्र सगळं सांगतो: गाडी कुठे पडली, कुठे वेल्डिंग झालं, तेल कुठून झिरपतं.

आता कागद. इथे घाई करू नका, कारण इंजिन कधीही बांधता येतं, कागद बांधता येत नाहीत.

‘विंटेज नंबर’ हे तुमच्यासाठी आमिष आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. तुम्हाला दापोलीला जाऊन दोन दिवस राहायचं आहे. त्यासाठी साधी नोंदणीच हवी, म्हणजे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून वाढवलेली. जावाच्या आरसीवर ती मुदत शिल्लक आहे का, हे व्यापाऱ्याला आधी विचारा. माझा अंदाज, उत्तर गोल येईल.

येझदीच्या कागदात वेगळी गाठ आहे: मालक हयात नाहीत. मुलगा तुम्हाला थेट विकू शकत नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी त्याच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. ‘सही करून देतो, तुम्ही बघा पुढचं’ याला होकार देऊ नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. बहीण परदेशात असते, भाऊ बोलत नसतो, आणि गाडी तुमच्या दारात बिनमालकीची उभी राहते. शिवाय १९८९ आधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा आरटीओच्या जुन्या रजिस्टरातच असते, संगणकावर नसते. ‘वाहन’ प्रणालीत नंबर टाकून पाहा. सापडला नाही तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि ती मूळ आरटीओतच होते, म्हणून हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं असं ठरवा. नवी सुरक्षा नंबरप्लेट, थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हे त्याच्या नंतरचं.

चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा, बोटाने चाचपून. नंबराभोवतीचा धातू आजूबाजूपेक्षा खोल किंवा गुळगुळीत लागला तर ग्राइंडर फिरलेला आहे. अशा गाडीपासून उठून चालायला लागा, चहासुद्धा घेऊ नका. रंगवलेल्या गाडीत ही खूण पुट्टीखाली जाते, हे मला चकचकीत गाडी नको वाटण्याचं आणखी एक कारण.

आता प्रत्यक्ष गाडी बघणं. फोन करून सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिलं काम, सिलिंडरच्या फिन्सवर तळहात ठेवा. गार असायला हवी. गरम असेल तर कुणीतरी आधी घाम गाळून ती चालू केलेली आहे, आणि गार इंजिन कसं उठतं हेच तर तुम्हाला बघायचं आहे.

जावा-येझदीला किक आणि गिअर एकच लिव्हर असते, डाव्या बाजूला. ती आत दाबून वर फिरवली की किक होते, गाडी सुरू झाली की परत पुढे आणून बसवली की गिअर. दहा वेळा करून बघा. आत दाबताना अडखळते का, किक मारताना दाते सुटून पाय रिकामा खाली जातो का, हे पाहा. दाते सुटत असतील तर आतला क्वाड्रंट, म्हणजे किकचा दातेरी तुकडा, झिजलाय. फार मोठं काम नाही, पण किंमत बोलताना कामाला येतं.

चालू झाल्यावर धूर बघून घाबरू नका. टू-स्ट्रोक आहे, सुरुवातीला धूर देणारच. पाच मिनिटांनी किती देते ते बघा. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला जळक्या गिअर ऑइलचा वास असला, तर डाव्या बाजूचं, क्लचकडचं क्रँकचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतंय. उजव्या बाजूचं, डायनामोकडचं सील गेलं तर उलट होतं: बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, रेस सोडली तरी इंजिन खाली बसायला वेळ लावतं. ही दुसरी खूण जास्त गंभीर. धूर दिसत नाही म्हणून माणूस खूश असतो आणि आत पिस्टन भाजत असतो. महिनोन् महिने उभ्या गाड्यांत ही सील कडक होतातच. येझदी घेतलीत तर दोन्ही सील बदलायची आहेत असं धरूनच चाला.

त्यानंतर गाडी बंद करून प्लग काढायला सांगा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर उत्तम, काळंकुट्ट ओलं असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ. प्लग बाहेर आहे तोवर उजवीकडचं कव्हर काढून क्रँक हाताने किंचित मागे-पुढे हलवा. पिस्टन हलायच्या आधी हाताला मोकळा प्ले लागला तर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग संपत आलंय. हे मात्र मोठं काम. पूर्ण इंजिन उतरवायचं, क्रँककेस फोडायची, क्रँक प्रेसवर वेगळा करून नवा रॉड बसवायचा आणि डायल गेज लावून सरळ करायचा. आमच्या उद्यमनगरात हे काम पिढ्यान् पिढ्या करणारे लेथवाले आहेत. तुमच्या पुण्यातही सापडतील. पण डायल गेज न लावता ‘डोळ्याने करतो’ म्हणणाऱ्याला क्रँक देऊ नका.

पेट्रोलच्या टाकीत टॉर्च मारून बघा. तळाशी तांबूस पावडर दिसली तर गंज साफ करून घ्यावा लागेल. कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग), मागच्या फोर्कचे बुश, ब्रेक लायनर ही खर्चाची पण सोपी कामं. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा. एका बाजूने जोर कमी लागला तर त्या बाजूची जाळी कार्बनने तुंबलेली आहे. जाळी बाहेर काढून जाळून साफ केली की गाडी दहा वर्षांनी तरुण होते. दर दोन-तीन हजार किलोमीटरला हे करावंच लागतं.

खरेदीत एक हिशेब ठेवा: गाडीच्या किमतीच्या निदान निम्मे पैसे पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला. सील, बेअरिंग, टायर-ट्यूब, सगळ्या केबल, वायरिंग, लायनर. रंग आणि क्रोम शेवटी, किंवा नकोच. स्पेअर अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत विचारा, नाहीतर म्हैसूर-बेंगळुरूकडून मागवता येतात. पण २०१८ नंतर जावा आणि येझदी या नावांनी ज्या नव्या गाड्या निघाल्या त्या पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचं काहीही या गाडीला लागत नाही. त्या शोरूममध्ये जाऊन वेळ घालवू नका.

तुम्ही आरएक्स १०० आणि राजदूतबद्दलही विचारलंत. आरएक्स सुंदर इंजिन आहे, पण ती पळायला मागते, निवांत चालवणाऱ्याला तिच्यात मजा येत नाही. शिवाय चोरांची आवडती आहे. लॉजबाहेर लावून झोप लागायची नाही. राजदूत १७५ दणकट आणि साधी, मात्र तीन गिअर आणि घाटात दम लागतो. हात काळे करायचेच नसतील तर ऐंशीच्या दशकातली हीरो होंडा सीडी १०० घ्या, हे मी मनापासून सांगतो. फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी, आणि गावोगावच्या मेकॅनिकला तोंडपाठ. पण तुमच्या पत्रावरून हात काळे करायची तयारी दिसते, म्हणून पुढचं लिहितो.

या गाडीत इंजिनाचं तेल वेगळं नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल हेच पिस्टनचं आणि क्रँकच्या बेअरिंगचं वंगण. मी लिटरला ४० मिली घालतो. पूर्वी पंपावर टू-टीचं मशीन असायचं, आता क्वचितच दिसतं, तेव्हा ऑइलचा डबा आणि खुणा केलेली बाटली कायम सोबत. आधी ऑइल टाकीत ओतायचं, वरून पेट्रोल भरायचं, म्हणजे धारेनेच मिसळतं. पंपावरच्या पोऱ्याला आधी सांगून ठेवायचं, नाहीतर तुम्ही झाकण उघडेपर्यंत तो नळी लावून मोकळा. मुक्कामाला पोचलात की पेट्रोल कॉक बंद. उघडा राहिला तर रात्रभर थेंब थेंब आत उतरतं आणि सकाळी क्रँककेस पेट्रोलने भरलेली मिळते.

इथेनॉलमुळे एक नवं काम वाढलंय. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगतात, ते पहिल्याच महिन्यात नव्या जातीचे टाका. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मिश्रणही थोडं पातळ होतं. माझ्या गाडीला मी मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र, एक नंबरने मोठा केला आणि प्लग पुन्हा कॉफीच्या रंगावर आला. हे डोळे मिटून करायचं नाही, प्लग बघूनच.

आता घाट. सगळं विसरलात तरी हे विसरू नका, कारण मी हे इंजिन गमावून शिकलोय. २००३च्या डिसेंबरात गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. सकाळची वेळ, खाली वैभववाडीकडचं धुकं, गाडी सुरेख चालली होती. दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून, इंजिनाच्या जोरावर वळणं घेत होतो, जसं फोर-स्ट्रोकवर करतात. निम्म्या घाटात इंजिनाचा आवाज एकदम कोरडा झाला, बांगड्या एकमेकींवर घासाव्यात तसा, आणि पुढच्या क्षणी मागचं चाक धरलं. क्लच ओढला म्हणून पडलो नाही. कडेला उभा राहिलो, तर फिन्स टिक-टिक वाजत होत्या आणि किक जागची हलेना. अर्ध्या तासाने सुटली. घरी येऊन उघडलं तेव्हा पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे, बोटाच्या नखाला लागतील इतके खोल. बोअर मारून नवा पिस्टन घालावा लागला.

कारण साधं आहे. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि चाक मात्र इंजिनाला जोरात फिरवत राहतं. सुकं पिस्टन सिलिंडरला चिकटतं. म्हणून टू-स्ट्रोकवर घाट उतरताना दर काही क्षणांनी क्लच धरायचा आणि हलकीशी रेस द्यायची, म्हणजे आत ताजं तेल पोचतं. वेग सुरुवातीपासूनच कमी ठेवायचा आणि पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून वापरायचा. ड्रम ब्रेक सतत दाबून धरले तर तापून ढिले पडतात. लांब घाटात मधे दोनदा थांबा. वरंधा असो की आंबा, थांबण्याजोगी जागा असतेच, आणि तुम्हाला तर बघायलाच जायचं आहे. चालता चालता इंजिनाचा आवाज कोरडा वाटला किंवा विनाकारण ओढ कमी झाली, तर आधी क्लच, मग विचार. डावी दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वेग ४५ ते ५५. ही गाडी त्याहून जास्त पळते, पण या वेगाला दोन सायलेन्सरचा आवाज एकसारखा होतो, हँडलचा कंप जातो आणि लिटरला २५ ते ३० किलोमीटर मिळतात. दिवसाला दीडशे किलोमीटर पुष्कळ झाले. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदीच आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावरही कंटेनरच्या शेजारून या गाडीवर जाण्यात सुख नाही. तुमच्यासाठी किनाऱ्याचा रस्ता बरा. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्यांवर जेट्टीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतून, गाडी पलीकडे नेता येते. प्रत्येक जेट्टीला इंजिनाला आपोआप विश्रांती मिळते. जेट्टीवर चढताना उतार ओला आणि शेवाळलेला असतो, पहिल्या गिअरवर, पुढचा ब्रेक न लावता. जेट्टी हलत असते, म्हणून मधल्या स्टँडवर लावून स्वतः हँडल धरून उभे राहा. दाभोळच्या जेट्टीत बहुतेक वेळा कुणीतरी ज्येष्ठ माणूस जवळ येतो आणि ‘आमच्याकडे होती’ म्हणून टाकीवर हात ठेवतो. त्याच्याशी बोला. रस्ता कुठे उखडलाय, मेकॅनिक कुठल्या गावात आहे, ही खबर त्याच्याकडूनच मिळते.

अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. ६ व्होल्टच्या दिव्याच्या उजेडात कोकणातली वळणं दिसत नाहीत. १२ व्होल्ट करून देणारे पुष्कळ आहेत, चांगलंही करतात. मी केलं नाही, कारण अर्थिंग स्वच्छ आणि बॅटरी ताजी असली की तेवढं पुरतं आणि रात्री मी चालवतच नाही.

सोबत काय ठेवायचं: दोन प्लग आणि प्लग पाना, सीबी पॉइंटचा (प्लगच्या ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या संपर्काचा) सेट, कंडेन्सर, त्या पॉइंटची फट मोजायचं फीलर गेज आणि पॉलिश पेपर, क्लचची आणि ॲक्सिलरेटरची केबल, ट्यूब, चेन लॉक, बल्ब, फ्यूज, तारेचा तुकडा. यात कंडेन्सर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा वाचवणारा. गार असताना चालू होते, तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने परत चालू होते, हे दुखणं दहात सात वेळा कंडेन्सरचं. पॉइंटची फट सुमारे ०.४ मिलिमीटर. क्लच केबल तुटली तरी घाबरू नका, या गाडीत गिअरची लिव्हर दाबली की क्लच आपोआप सुटतो. गुहागरहून चिपळूणपर्यंत मी तसा आलोय. निघताना तेवढा धक्का द्यावा लागला.

घरी असताना आठवड्यातून एकदा दहा किलोमीटर चालवा. उभ्या जागी चालू करून पाच मिनिटांनी बंद करणं हे न चालवण्याहून वाईट. इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये ओल साठते. माझी सकाळची पद्धत अशी: कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरचा टिकलर, म्हणजे पेट्रोल चढवायची छोटी कळ, बोटाला पेट्रोलची ओल लागेपर्यंत दाबायचा, चावी बंद ठेवून दोन सावकाश किक, मग चावी आणि तिसरी किक. तिसऱ्याला नाही उठली तर काहीतरी म्हणणं आहे तिचं, आणि मी प्लग काढून बघतो. पाचवी-सहावी किक मी मारत नाही.

तर रविवारी साताऱ्याला जा. मुलाला विचारा, वडील पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे आणि गाडी कुठल्या मेकॅनिककडे न्यायचे. तो मेकॅनिक हयात असेल तर गाडीआधी त्याला भेटा. फॉर्म ३१ चं ठरल्याशिवाय बयाणा देऊ नका. गाडी घेतलीत, सील बदललीत, तर पहिली फेरी भोरपर्यंतचीच करा. पहिल्या ४० किलोमीटरवर सावलीत थांबा, इंजिन चालत्या वेगावरच क्लच धरून चावीने बंद करा, प्लग काढा आणि दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो पाठवा. जेट बदलायचा की नाही ते त्यावरून सांगतो.